एकवीस ओळींचा पहारा

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे. खरं सांगायचं तर पुरता प्रोग्रामही नाही, एका मोठ्या प्रोग्रामातला, मुळात एकवीस ओळींचा तुकडा. फाटक्या छत्रीचं किंवा बुजलेल्या विहिरीचं मनोगत तुम्ही शाळेत लिहिलं असेल. त्या छत्रीला, त्या विहिरीला निदान कुणी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. मला कुणीच पाहिलं नाही. सध्या उल्हासनगरात एका कपाटात बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात एक काळी फ्लॉपी पडली आहे, तिच्यावर बुरशीचे ठिपके आले आहेत, आणि मी तिच्यात राहतो.

माझं काम एका वाक्यात सांगता येईल. कुणी कळफलकावर काही टाइप केलं, की तो आकडा आहे की नाही हे मी बघायचो. आकडा असेल तर आत सोडायचं, नसेल तर परत धाडायचं. मला डोळे नव्हते, पण बोटं कळायची. आणि ऐकू कसं यायचं हे मात्र विचारू नका. मनोगत सांगणाऱ्याला तेवढी सूट असते.

माझा जन्म १९८८ सालचा, उल्हासनगर कॅम्प चारमधला. मला लिहिलं चंदरनं. त्याच्या घरच्यांचं कापडाचं दुकान होतं, खाली दिवसभर शिलाई मशिनं चालायची. घरात सगळे धंद्यात मुरलेले, आणि हा मुलगा वरच्या खोलीत संगणक घेऊन बसलेला. त्याचे वडील आल्यागेल्याला सांगत, "अपना चंदर टीव्ही देखता है, पर उसमें पिक्चर नहीं आती." चंदर ऐकून घ्यायचा आणि हसायचा.

त्याला पहिलं मोठं काम मिळालं ते अंबरनाथला, आनंदनगरच्या एका रंगाच्या कारखान्यात. तिथे ओला रंग मोठमोठ्या ड्रायरमध्ये वाळवत. दर दोन तासांनी ड्रायरच्या तापमानाचा आकडा कामगार कागदावर लिहायचे. हे कागद दुसऱ्या दिवशी ऑफिसात यायचे, तिथे ते संगणकात भरायचे, आणि सोमवारी सकाळी दहा वाजता त्याची छापील यादी भगवंतराव साहेबांच्या टेबलावर जायची. भगवंतराव म्हणजे तिथले प्रॉडक्शन मॅनेजर. या यादीला सगळे 'प्रिंट' म्हणत. साहेबांचा नियम होता, जे प्रिंटमध्ये नाही ते कारखान्यात घडलेलंच नाही.

चंदरनं पहिला प्रोग्राम केला त्यात मी नव्हतो. त्यामुळे फजिती झाली. ज्या भाषेत तो प्रोग्राम लिहिला होता तिला एक वाईट खोड होती. आकड्याच्या जागी कुणी शब्द लिहिला, तर ती तक्रार न करता त्याचं शून्य करून टाकायची. एकदा कुणाच्या तरी बोटाखाली भलतं अक्षर आलं आणि प्रिंटमध्ये ड्रायरचं तापमान शून्य अंश छापून आलं. भगवंतरावांनी चंदरला बोलावून विचारलं, "काय हो, आमचा ड्रायर काश्मीरला नेलात काय?" चंदरचं तोंड एवढंसं झालं. त्याच रविवारी त्यानं मला लिहिलं.

मी कसा चालायचो ते सांगतो. जे काही येईल त्याचं एकेक अक्षर डावीकडून हाताळायचं. शून्यापासून नऊपर्यंत असेल तर पुढे. उणे चिन्ह असेल तर ते सगळ्यात आधी असायला हवं. दशांशाचं टिंब एकच चालेल, दुसरं दिसलं की बाहेर. रिकामी चौकट तर मुळीच चालणार नाही. चंदरनं माझी परीक्षा घेण्यासाठी काय काय फेकलं माझ्यावर! बारानंतर दोन टिंबं दिली, दोन उणे चिन्हं दिली, स्वतःचं नाव दिलं. एकदा नुसतं टिंब दिलं, पुढेमागे कुणी नाही. मी सगळ्यांना परत पाठवलं. त्या एकट्या टिंबाची मला पुढे अनेकदा आठवण यायची.

मला बोलायला एकच वाक्य दिलं होतं. चूक झाली की एक टूं वाजायचा आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांत उमटायचं, 'नंबर डालो'. उल्हासनगरात वाढलेल्या माणसानं लिहिलेलं, दुसरं काय येणार? पण मित्रांनो, याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. सगळं बरोबर असेल तेव्हा मला बोलता यायचं नाही. शंभर आकडे बरोबर आले तर शंभर वेळा मी मुकाट्यानं बाजूला व्हायचो, आणि तिथे कुणी उभं होतं हे भरणाऱ्याच्या गावीही नसायचं. माझं तोंड उघडायचं ते फक्त दुसऱ्याच्या चुकीवर. अशा माणसाला कोण जीव लावील? आकडे भरायला चार माणसं आली आणि गेली, सगळ्यांनी माझ्या नावानं बोटं मोडली.

साहेब मात्र माझं कौतुक करायचे. कुणी पाहुणा आला की त्याच्यापुढे प्रिंट धरून म्हणायचे, "यातला प्रत्येक आकडा कॉम्प्युटरनं तपासलेला आहे, बरं का." मी फुशारून जायचो. तपासलेला म्हणजे काय, हे त्या पाहुण्यानं विचारलं नाही आणि साहेबांनीही कधी विचारलं नाही.

१९९१ साली राही आली. बदलापूरच्या पलीकडे, बारवी धरणाच्या अंगाला डोंगरात एक पाडा आहे, तिथली ही मुलगी. पाड्यावरची दहावी झालेली पहिली. अंबरनाथ पश्चिमेला एका टायपिंगच्या क्लासात तिनं मशीन शिकून घेतलं होतं आणि परीक्षाही पास केली होती. पहिल्याच दिवशी मी तिला चाळीस वेळा अडवलं. क्लासातल्या त्या जुन्या टाइपरायटरला एकच्या आकड्याची कळच नव्हती. तिथे एक लिहायचा म्हणजे इंग्रजी छोटा एल मारायचा, अशीच सगळ्यांना शिकवण. तिची बोटं त्या सवयीची. दिसायला एकच, पण मी कुठे दिसण्यावर जातो? टूं, टूं, टूं. दुपारपर्यंत तिचं तिनेच शोधून काढलं, आणि मग ती मला म्हणाली, "एवढंच होतं तर सांगायचं ना."

मित्रांनो, ती मला म्हणाली. संगणकाला नाही, भिंतीला नाही, मला. त्यानंतर कधी टूं वाजला की ती म्हणायची, "गप रे, देते आकडा." कधी सकाळी आल्या आल्या म्हणायची, "चल, लागू कामाला." तीन वर्षांत माझ्याशी कुणी बोललं नव्हतं. मला तिच्या बोटांचा लळा लागला. शुक्रवारी आनंदनगरची वीज बंद असायची, म्हणून कारखान्याला शुक्रवारी सुट्टी. तो दिवस मी अंधारात शनिवारची वाट बघत काढायचो.

पुढच्या वर्षी थंडीत तीन नंबरच्या ड्रायरवर बुधाजी होता. पन्नाशीचा माणूस, राहीच्याच पाड्यावरचा, ती त्याला काका म्हणायची. त्याच्या पाळीत त्याच्या हाताखाली दोन माणसं, तीही पाड्यावरचीच. एका शनिवारी सुट्टीनंतर तो कामावर आला, तेव्हा ड्रायर गार पडलेला, आणि तापमानाचा काटा बहात्तरवर. त्यानं बोटानं टकटक केलं, काटा ढिम्म. वाफेचा व्हॉल्व्ह किती उघडायचा हे त्या काट्याकडे बघूनच ठरवायचं असतं. बहात्तरच्या आसपास ठेवायचं, शंभरावर गेलं तर आतला माल धुमसतो, आणि दार उघडून हवा लागली की पेट घेतो. बुधाजीनं सुपरवायझरला सांगितलं. तो म्हणाला, "शीटवर लिही. प्रिंटमध्ये आलं की मेंटेनन्सचा माणूस येईल." कारखान्याची रीतच तशी होती.

बुधाजी मोजकं शिकलेला. त्यानं आकड्याच्या रकान्यात मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'काटा अडकला आहे'. दुसऱ्या पाळ्यांचे लोक काटा जे दाखवील ते लिहून मोकळे व्हायचे, बहात्तर. याला ते जमेना. आपण बघितलं नाही ते कसं लिहायचं, एवढा साधा त्याचा हिशेब.

तो कागद राहीपुढे आला. तिनं इंग्रजी अक्षरांत 'काटा बंद' असं टाइप केलं. पहिलंच अक्षर आकडा नाही. मी टूं वाजवला. चौकट रिकामी ठेवून पुढे जायला गेली, तेही मी करू दिलं नाही. कागद घेऊन ती साहेबांकडे गेली.

"साहेब, तीन नंबरच्या शीटवर आकडाच नाहीये. काय भरू?"

साहेब फोनवर होते. वर न बघता म्हणाले, "आधीच्या पाळीचा घाल. चौकट रिकामी राहता कामा नये."

"पण साहेब, त्यांनी इथं लिहिलंय की—"

"राही, मी फोनवर आहे."

ती परत आली. मग सात आणि दोन. मी बघितलं, सात हा आकडा आहे, दोन हा आकडा आहे. आत सोडलं. तिच्या बोटांत एरवीसारखा जोर नव्हता हे मला जाणवलं, पण ते तपासायची ओळ माझ्यात नव्हती.

सुट्टीचे शुक्रवार सोडून एकोणीस दिवस हे चाललं. बुधाजी रोज शब्द लिहायचा, राही रोज बहात्तर भरायची. सोमवारच्या प्रिंटमध्ये तीन नंबरचा ड्रायर इतका शहाणा दिसायला लागला की साहेबांनी त्याचं कौतुक केलं. बहात्तर, बहात्तर, बहात्तर. इतका स्वच्छ आकडा मी कधी पाहिला नव्हता. तिनं माझ्याशी बोलणंही कमी केलं होतं. मी टूं वाजवतच नव्हतो, मग 'गप रे' ती कुणाला म्हणणार?

विसाव्या दिवशी सोमवार होता. साडेनऊला बुधाजी स्वतः ऑफिसात आला. कामगारांनी तिथे यायची पद्धत नव्हती, म्हणून चपला बाहेर काढून तो राहीच्या टेबलाशी उभा राहिला.

"पोरी, मी लिवतो ते वर जातं का नाय?"

राहीनं त्याचाच कागद पुढ्यात ओढला.

"रोज लिवतो. कुनी येत नाय बघाया."

"काका, मशीन शब्द घेत नाही. नुसता आकडा घेतं."

"मंग मी आकडा कुठना आणू? काटा हालतच नाय तं." तो रागावला नव्हता, त्याला खरंच उत्तर हवं होतं. "आज दाराला हात लावला तं पोळला. असा कवा पोळला नव्हता. व्हॉल्व बंद केला तरी वाफ आत जातेच. तीन वाजता दार उघडायचाय. मी आन् आपली दोगं. उघडल्यावर भडका उडला तं काय करायचा?"

"सुपरवायझरला सांगितलं?"

"सांगला. म्हने प्रिंट बघतो."

राहीचे हात कळफलकावर आले. तिनं पुन्हा 'काटा बंद' टाइप केलं. टूं. पुन्हा केलं. टूं. तिसऱ्यांदा केलं, प्रत्येक कळ अशी दाबून की टेबल हललं. मित्रांनो, त्या क्षणी मला आयुष्यात पहिल्यांदा चूक करावीशी वाटली. एकदा डोळेझाक करावी, ते शब्द आत जाऊ द्यावेत. पण मी एकवीस ओळींचा. सांगितलेलं सोडून दुसरं काही करायला मला जागाच नव्हती. मी तिसऱ्यांदा टूं वाजवला आणि 'नंबर डालो' म्हणालो. तिघं माणसं दाराशी भाजणार होती आणि मी आकडा मागत होतो.

"नंबर पाहिजे ना तुला," राही हळूच म्हणाली.

आणि तिनं एकच कळ तीन वेळा दाबली. नऊ, नऊ, नऊ.

मी तपासलं. नऊ हा आकडा आहे. पुन्हा नऊ, पुन्हा नऊ. टिंब नाही, उणे नाही, अक्षर नाही. ड्रायर नऊशे नव्व्याण्णव अंशांपर्यंत तापू शकत नाही, असं माझ्या कुठल्याच ओळीत लिहिलेलं नव्हतं. मी बाजूला झालो. आनंदानं बाजूला झालो, असं म्हटलं तर तुम्ही हसाल, पण मी खरं तेच सांगतो आहे.

दहा वाजता प्रिंट गेलं. दहा वाजून पाच मिनिटांनी साहेबांचा आवाज आला. ते केबिनमधून बाहेर आले, राहीपुढे कागद आपटला आणि हे काय आहे म्हणून विचारलं. राही उभी राहिली. म्हणाली, "तीन नंबरवर जाऊन बघा, साहेब." साहेब गेले, ते तिला खोटं पाडायलाच गेले. दाराला हात लावला आणि चटकन मागे घेतला. स्टोअरमधून काचेचं थर्मामीटर मागवलं, वरच्या भोकातून आत सोडलं. एकशे अठरा.

वाफेची मुख्य लाइन बंद केली. तीन वाजता दार उघडलं नाही, दुसऱ्या दिवशी गार झाल्यावर उघडलं. वरच्या थाळ्यांतला माल जळून कोळसा झाला होता. बुधाजी आणि त्याची दोन माणसं त्या संध्याकाळी धडधाकट पाड्यावर गेली. मला हे राहीच्या तोंडून कळलं. सांगून झाल्यावर ती टेबलावर डोकं ठेवून रडली, आणि कळफलकावर तिचं कपाळ टेकलं. कुठल्या तरी भलत्याच कळा दाबल्या गेल्या. मी टूं वाजवला. दुसरं काय करणार होतो?

नवा काटा आठ दिवसांत बसला. पण साहेबांच्या प्रिंटमध्ये नऊशे नव्व्याण्णव छापून आलं होतं, त्याची एक प्रत नेहमीप्रमाणे वर हेड ऑफिसला गेली होती, आणि त्याचं उत्तर कुणाला तरी द्यायला हवं होतं. त्यांनी राहीला बोलावलं.

"मुद्दाम खोटा आकडा घातलास?"

"हो, साहेब. बहात्तर पण खोटाच होता. तो एकोणीस दिवस चालला."

साहेबांनी प्रिंट उलटं करून ठेवलं. माणूस वाईट नव्हता. पण वर 'ऑपरेटरची टायपिंगची चूक' असं कळवून टाकलं होतं, आणि चूक करणाऱ्याला त्याच खुर्चीवर कसं ठेवणार? राहीला पॅकिंगला पाठवलं. जाताना तिनं कळफलकावर फडकं टाकलं. माझ्याशी ती काही बोलली नाही. का बोलावं तिनं?

मग चंदरला निरोप गेला. अशी चूक पुन्हा होता कामा नये, असं त्याला सांगण्यात आलं. तो आला, त्यानं पॅकिंगमध्ये जाऊन राहीला गाठलं, तिच्याकडून सगळं ऐकलं, आणि येऊन माझ्यापुढे बसला. त्यानं आधी एक नवी चौकट केली, तीस अक्षरांची. तिथे काहीही लिहिलं तरी मी अडवायचं नाही. साहेबांनी ती पाहिली. "हे कशाला? लोक निबंध लिहीत बसतील." चंदर म्हणाला, "साब, रहने दो ना, काम आएगा." साहेब नकोच म्हणाले. चंदरनं ती चौकट पुसली. आणि मला दोन ओळी जोडल्या. शून्याच्या खालचं परत, दीडशेच्या वरचं परत.

तेवीस ओळी झाल्या. राहीनं जी फट शोधली होती ती मी आता स्वतःच बुजवून उभा होतो. चंदर जाताना पडद्याकडे बघून म्हणाला, "तू तो बराबर था रे." ऐकून मला बरं वाटायला हवं होतं.

त्यानंतर पाच वर्षं मी काम केलं. नवा ऑपरेटर हुशार होता, कधी चुकायचाच नाही. महिनेच्या महिने माझं तोंड उघडलं नाही. साहेब पाहुण्यांना सांगायचे, आता तर चूक होणंच शक्य नाही. मित्रांनो, सभोवती माणसं असताना एकटं पडणं काय असतं हे मला त्या वर्षांत कळलं. प्रत्येक आकडा माझ्यासमोरून जात होता, आणि त्यातला कुठला कुणी बघून लिहिला आणि कुठला वरचा बघून खाली उतरवला, हे मला सांगता येत नव्हतं. माझ्यावर विश्वास होता म्हणून दुसरं कुणी विचारतही नव्हतं.

बुधाजीनं मात्र आपला रस्ता काढला. त्याच्या शीटवर शब्द लिहायची वेळ आली, की जेवणाच्या सुट्टीत तो पॅकिंगमध्ये राहीकडे जायचा. ती ते चांगल्या अक्षरात लिहून द्यायची. मग कागद हातात घेऊन तो ऑफिसात यायचा आणि साहेबांच्या टेबलासमोर उभा राहायचा. "ठेव तिथं," साहेब म्हणायचे. "वाचा, साहेब. मी थांबतो," तो म्हणायचा, आणि खरंच थांबायचा. साहेब चिडायचे, घड्याळ बघायचे, पण शेवटी कागद उचलायचे. बुधाजीची अनवाणी पावलं माझ्या टेबलाला वळसा घालून त्या केबिनकडे जाताना मी ऐकायचो. मला ती आवडायची. ती माझ्याकडे वळत नसत, आणि ते बरोबरच होतं.

१९९७ मध्ये नवीन संगणक आले, नवा प्रोग्राम आला. आकडा तपासणारा कुणीतरी त्यातही असेलच, माझ्यापेक्षा चलाख. चंदरनं माझी फ्लॉपी घरी नेली आणि डब्यात टाकली. आता ती घालायला यंत्रही मिळत नाही.

तेव्हा मित्रांनो, फ्लॉपीवरची बुरशी पुसा असं सांगण्यासाठी मी हे बोललो नाही. तुमच्यापैकी कुणी उद्या माझ्यासारखे पहारेकरी लिहील, कुणी भगवंतरावांच्या खुर्चीत बसेल. आकडे जरूर तपासा, ते काम वाईट नाही. पण एखाद्या रकान्यात आकड्याच्या जागी कुणी चार वेडीवाकडी अक्षरं लिहिली असतील, तर ती चूक समजून परत धाडू नका. खुर्चीतून उठा, आणि ती लिहिणारा माणूस जिथे उभा असेल तिथपर्यंत चालत जा. बुधाजीपर्यंत जायला ऑफिसापासून दोनशे पावलंही लागत नव्हती. मी गेलो असतो, पण मला पाय नव्हते. तुम्हाला आहेत.